नग्नचित्रं ऑनलाइन लावताना रेघ कुठे मारायची?

कोल्हापूरकडच्या काही तरुण चित्रकारांनी मिळून इंटरनेटवर एक चित्रदालन सुरू करायचं ठरवलं. विद्यार्थी, कलाशिक्षक, हौशी, सगळ्यांकडून कामं मागवली. आली त्यांत न्यूड बरीच निघाली आणि मंडळींत दोन तट पडले. एक गट म्हणतो, शाळकरी मुलंही बघणार, तेव्हा नग्नता सरसकट बंद ठेवा. दुसरा म्हणतो, कलेला कात्री नको, येईल ते लावा. अडून राहिलेल्या चार कामांचं वर्णन त्यांनी पाठवलंय आणि विचारलंय, रेघ नेमकी कुठे मारायची?

मी लाइफ क्लास, म्हणजे समोर बसलेल्या मॉडेलवरून मानवी देह काढायचा वर्ग, घेते, स्वतः न्यूड रंगवते आणि ऑनलाइन प्रदर्शनांसाठी कामं निवडते. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. अंग किती उघडं आहे यावर रेघ मारूच नका. दोन गोष्टी बघा. चित्रात जी व्यक्ती आहे तिने हे चित्र जगापुढे मांडायला होकार दिलाय का? आणि बघणाऱ्याने ते बघायचं स्वतः ठरवलंय का? पहिली गोष्ट नसेल तर चित्र कितीही सुंदर असो, लावू नका. दुसरी तुमच्या हातात आहे, ती नीट रचा. दोन्ही जमलं की चित्रात काय असावं हे चित्रकारावर सोडा.

अंग मोजायला गेलं की काय होतं ते मोठ्या कंपन्यांनी करून दाखवलंय. व्हिएन्नाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात विलेनडॉर्फची व्हीनस आहे, जेमतेम ११ सेंटिमीटर उंचीची, सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीची दगडी मूर्ती. तिचा फोटो फेसबुकवरून उडाला. २०१८ च्या सुरुवातीला संग्रहालयाने जाहीर नाराजी व्यक्त केली तेव्हा कंपनीने चूक मान्य केली. फ्रान्समधल्या एका शिक्षकाचं फेसबुक खातं २०११ मध्ये गुस्ताव्ह कूर्बेच्या १८६६ सालच्या नग्नचित्रावरून बंद झालं आणि ते प्रकरण कित्येक वर्षं कोर्टात चाललं. इटलीतल्या बोलोन्या शहराच्या भर चौकात शतकानुशतकं उभ्या असलेल्या नेपच्यूनच्या नग्न पुतळ्याचा फोटोही असाच अडला होता. १७ डिसेंबर २०१८ पासून टंब्लर या ब्लॉगच्या साइटने प्रौढांसाठीचा मजकूर बंद केला. चित्रं आणि शिल्पं चालतील असं कागदावर होतं, पण यंत्राने कपडे घातलेल्या माणसांची आणि साध्या रेखाटनांचीही चित्रं झाकून टाकली. कितीतरी चित्रकार तिथून उठून गेले. पुढे चार वर्षांनी कंपनीने तो नियम सैल केला.

हीच फूटपट्टी आपल्याकडे लावून बघा. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडलेली लज्जागौरी, विवस्त्र देवीची प्राचीन मूर्ती, पहिल्या फेरीत बाद होईल. वेरूळच्या जैन लेण्यांतल्या दिगंबर मूर्ती बाद होतील. याउलट पूर्ण कपड्यातल्या बाईकडे कॅमेरा अधाशासारखा बघतोय अशी जाहिरात बिनदिक्कत पास होईल, कारण मोजण्याजोगी त्वचा तिच्यात नाही. फूटपट्टीला नजर कळत नाही, आणि चित्राचा सगळा प्रश्न नजरेचाच असतो.

शाळकरी मुलांचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. पण वेरूळला दरवर्षी शाळांच्या सहली जातात, मुलं त्या मूर्तींसमोर उभी राहतात, गुरुजी माहिती सांगतात, आणि कुणाचं काही बिघडत नाही. त्यामुळे दालनात दोन वेगळे कप्पे करा. नग्न देह एवढाच विषय असलेली कामं एका बाजूला, त्यांना फक्त आधी सूचना. ज्यात कामक्रीडा आहे ती दुसऱ्या बाजूला, वय विचारून आणि मुद्दाम क्लिक करून आत जावं लागेल अशी. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा यांची कितीतरी रेखाटनं या दुसऱ्या कप्प्यात जातील आणि त्यात त्यांचा काही अपमान नाही. पहिल्या पानावर आणि शेअर केल्यावर दिसणाऱ्या छोट्या चित्रात मात्र काय दिसेल ते काळजीने ठरवा. बसमध्ये शेजारच्याच्या नजरेसमोर फोन उघडणाऱ्या माणसाने काही निवडलेलं नसतं.

चित्रावर पट्टी मारू नका, ब्लर करू नका. हे मी का म्हणते ते एका चित्रावरून सांगते. माझ्या वर्गातल्या एका मुलीने कोळशात बसलेली स्त्री काढली होती. उजवा गुडघा छातीशी ओढलेला, सगळं वजन डाव्या कुल्ल्यावर, त्यामुळे कणा एका बाजूला कललेला आणि खांदा त्याच्या उलट दिशेने उचललेला. पोझ बराच वेळ चालली होती आणि मॉडेलच्या टेकलेल्या हाताला आलेला ताण मनगटाच्या दोन काळ्या रेघांत उतरला होता. चित्राचा जीव त्या मनगटात होता. इन्स्टाग्रामवर टाकताना तिने छातीवर दोन काळे चौकोन ठेवले. पुन्हा पाहिलं तर मनगट दिसेनासं झालं होतं. डोळा सरळ चौकोनांवर जाऊन आदळत होता. जे चित्र थकव्याबद्दल होतं ते आता लपवलेल्या स्तनांबद्दलचं झालं. अश्लीलता टाळायला गेलं आणि तीच आत आणली गेली. त्यापेक्षा त्या मनगटाचाच तुकडा पहिल्या चौकटीत ठेवा, खाली स्पष्ट लिहा की पूर्ण चित्र न्यूड आहे, आणि पूर्ण चित्र दालनात अखंड दाखवा. तुकडा कुठला घ्यायचा ते चित्रकारालाच ठरवू द्या.

आता कायदा. तो आपल्या वादांत फार ढोबळपणे येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अश्लीलतेचं जुनं कलम २९२ आता भारतीय न्याय संहितेत २९४ झालंय. इंटरनेटसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. उघड लैंगिक कृतीसाठी ६७ अ, मुलांसंबंधी ६७ ब. विज्ञान, साहित्य, कला, शिक्षण यांच्या हितासाठी असलेल्या कामांना आणि वारसा किंवा धार्मिक कारणासाठी जपलेल्या गोष्टींना सूट आहे, पण ती सूट ६७ ब च्या शेवटी एका परंतुकात, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या वाक्यात, लिहिलेली असल्यामुळे पुष्कळांच्या नजरेतूनच सुटते. ती तिन्ही कलमांना लागू आहे. पाठ करून ठेवा.

न्यायालयांची दृष्टी बदलत गेली आहे. आधी १८६८ चा इंग्लंडमधला हिक्लिन निकष चालायचा. ज्यांचं मन सहज बिघडू शकतं अशांवर काय परिणाम होईल, एवढंच त्यात पाहिलं जाई. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये तो मान्य केला आणि २०१४ मध्ये अवीक सरकार प्रकरणात बाजूला ठेवला. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या वाग्दत्त वधूचा नग्न फोटो छापल्याचं ते प्रकरण होतं. नग्न चित्र आपोआप अश्लील होत नाही, संदर्भ आणि आजच्या समाजाची दृष्टी बघावी लागते, असं न्यायालय म्हणालं.

पण माझ्या दृष्टीने मुंबईतली दोन प्रकरणं तुम्हाला जास्त उपयोगी आहेत. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत अकबर पदमसींचं प्रदर्शन होतं. एका चित्रात पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर होता. पोलिसांनी चित्रं उतरवायला सांगितलं, पदमसींनी नकार दिला, अटक झाली. खटला ते जिंकले आणि सरकारचं उच्च न्यायालयातलं अपीलही फेटाळलं गेलं. त्यानंतर सत्तर वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्याच मुंबई उच्च न्यायालयापुढे पुन्हा पदमसी आले, आणि बरोबर गोव्यातल्या साळगावचे आपले फ्रान्सिस न्यूटन सोझा. दोघांची मिळून सात कामं परदेशातून आणली होती आणि सीमाशुल्क खात्याने ती अश्लील म्हणून अडवून ठेवली होती. न्यायालयाने तो आदेश रद्द केला. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं, लैंगिकता आणि अश्लीलता या एकच गोष्टी नव्हेत, आणि तज्ज्ञांचं मत डावलून अधिकाऱ्याने स्वतःची आवड-नावड लादू नये, असा त्या निकालाचा आशय आहे. तुमची निवड समिती बसेल तेव्हा हे शेवटचं वाक्य टेबलावर असू द्या. आपणही तिथे अधिकारीच असतो.

आणि महाराष्ट्रात हा प्रश्न इंटरनेटबरोबर आलेला नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ मध्ये सुरू झालं आणि मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र घेऊन वर्गणीदारांच्या घरी जात राहिलं. खटले झाले, पण १९३४ चा प्रसिद्ध खटला मुखपृष्ठावर नव्हता, वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर होता. डॉ. आंबेडकरांनी कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं. कर्वे हरले, २०० रुपये दंड झाला, मासिक मात्र चालू राहिलं. ज्यांना आपली संस्कृती आडवी येते असं वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता संमतीकडे येते, कारण सगळ्यात जास्त हेळसांड इथे होते आणि वादात दोन्ही गट हिच्याबद्दल गप्प असतात. एक गट समाजाबद्दल बोलतो, दुसरा चित्रकाराबद्दल. मॉडेल म्हणून वर्गात चौथऱ्यावर बसलेली बाई कुणाच्याच बोलण्यात नसते.

मुंबईत लाइफ क्लासला बसणाऱ्या ज्या बायकांना मी ओळखते, त्यांतल्या कित्येकींच्या घरी हे काम ठाऊक नाही. कुणी कॉलेजात झाडलोट करते म्हणून सांगते, कुणी शिपायाची नोकरी आहे म्हणते. त्या कपडे उतरवतात ते वर्गासमोर, दार बंद असताना, शिक्षक हजर असताना. तो होकार त्या खोलीपुरता असतो. मुलाने केलेला अभ्यास चांगला उतरला, चेहरा हुबेहूब आला, त्याने कौतुकाने तो ऑनलाइन टाकला, आणि मॉडेलच्या वस्तीतल्या एखाद्या पोराने तो फोनवर पाहिला, तर तिचं घर मोडू शकतं. तिथे कलास्वातंत्र्याचं भाषण कुणाच्या कामाचं नाही.

कायदा इथे अर्धाच मदतीला येतो. संमतीशिवाय गुप्तांगांचा फोटो काढला किंवा पसरवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई आहे. न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये तर स्पष्टच म्हटलंय की चित्रण करू दिलं म्हणून ते इतरांना दाखवायला होकार दिला असं होत नाही. पण हे सगळं कॅमेऱ्याला धरून आहे. कोळशाने काढलेल्या, ओळखू येणाऱ्या चेहऱ्याबद्दल त्यात काही नाही. म्हणून हा नियम तुम्हीच करायचा, आणि कायद्याहून कडक करायचा.

माझ्याकडे मॉडेलसाठी एक पानाचा मराठी कागद असतो आणि तो मी वाचून दाखवते, नुसती सही घेत नाही. वर्गात चित्र काढणं, प्रदर्शनात लावणं, विकणं, छापणं, इंटरनेटवर लावणं, आणि त्यात चेहरा ओळखू येणं, या प्रत्येकासाठी वेगळा होकार. एकाला हो म्हणून दुसऱ्याला नाही म्हणता येतं. इंटरनेटसाठी पैसे वेगळे. ती कधीही ‘चित्र नेटवरून काढा’ म्हणाली की कारण न विचारता काढायचं. आणि एक गोष्ट मी तोंडाने सांगतेच: एकदा वर गेलेलं चित्र कुणी आपल्या फोनमध्ये उतरवून घेतलं तर ते परत आणता येत नाही. हे ऐकल्यावर काही जणी नाही म्हणतात. त्यांना नाही म्हणता यावं, यासाठीच तर सगळा खटाटोप.

इन्स्टाग्रामबद्दल थोडंच. मेटाच्या लेखी नियमांत चित्रं आणि शिल्पं यांतली नग्नता चालते, खऱ्या माणसांच्या फोटोंवर बंधनं आहेत. यंत्राला वास्तववादी तैलचित्र आणि फोटो यांत फरक करणं जड जातं. म्हणून कामाचा फोटो काढताना कागदाची कड, फ्रेम किंवा ईझल दिसू द्या. चित्र उडालंच तर अपील करा, मग कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, तिथेही दाद मिळाली नाही तर केंद्र सरकारची तक्रार अपील समिती आहे, अर्ज ऑनलाइनच करायचा. पण मूळ दालन स्वतःच्या साइटवर ठेवा आणि तिकडे येण्याची पाटी म्हणून बाकीची माध्यमं वापरा. एका रात्रीत खातं गेलं की वर्षांची कामं आणि ओळखी जातात.

आता तुमची चार कामं.

पहिलं, विद्यार्थ्याने काढलेली वयस्क स्त्रीची कोळशातली अभ्यासचित्रं. तुमच्यात याच्यावर सगळ्यात कमी वाद झाला, ‘अभ्यास आहे, चालेल’ म्हणून. मी इथेच थांबेन. तुम्हीच लिहिलंय की चेहरा स्पष्ट आहे आणि मॉडेलला विचारलेलं नाही. विद्यार्थ्याला सांगा, शिक्षकांमार्फत तिला विचार. ती हो म्हणाली तर पहिल्या कप्प्यात मानाने लावा. विचारणं शक्य नसेल तर पाठमोऱ्या पोझची दोन चित्रं घ्या, बाकीची त्याच्या वहीत राहू देत.

दुसरं, नवरा-बायकोचा मिठीतला नग्न फोटो, नवऱ्यानेच टायमर लावून काढलेला. अर्ज नवऱ्याचा आहे. बायकोचा होकार तिच्याकडून, वेगळा, नवरा समोर नसताना घ्या. दोघांच्या वयाचा पुरावा घ्या. मग सूचनेसह लावायला हरकत नाही. मात्र फोटोला कायद्याचं पाठबळ चित्राइतकं भक्कम नाही. मघाच्या परंतुकात रेखाटन, रंगचित्र, आकृती अशी नावं आहेत, फोटोचं नाव वेगळं घेतलेलं नाही. हे दोघांनाही आधी सांगा. आणि पुढे ते वेगळे झाले तर कुणाही एकाच्या सांगण्यावरून फोटो निघेल, हे आत्ताच लिहून ठेवा.

तिसरं, डिजिटल चित्र. जपानी कॉमिक्सच्या धाटणीची मुलगी, सूचक पोझ, खाली ‘वय १९’ असं लिहिलेलं. तुम्हीच म्हणता की ती तेरा-चौदाची वाटते. हे लावायचं नाही. कॅप्शनने वय ठरत नाही, चित्राने ठरतं. ६७ ब मध्ये तयार केलेली डिजिटल चित्रंही येतात, त्यामुळे ‘खरी मुलगी कुठे आहे’ हा युक्तिवाद करू नका. आणि कायदा नसता तरी माझं उत्तर हेच असतं. मूल होकार देऊ शकत नाही, मुलाच्या देहाकडे तसं बघायला शिकवणारं चित्र तुमच्या भिंतीवर नको. रांगणारा नागडा बाळकृष्ण हा वेगळा विषय आहे. तो वेगळा का, हे ज्याला दिसत नाही त्याला निवड समितीत घेऊ नका.

चौथं अवघड आहे. विवस्त्र देवी, तेलरंगात, मोठा कॅनव्हास. तुमच्यातले दोघं ते अश्लील म्हणून नाकारतायत. मला वर्णनावरून त्यात काही अश्लील वाटत नाही. हा प्रश्न नग्नतेचा नाहीच, श्रद्धेचा आहे, आणि कलमही वेगळं, पूर्वीचं २९५ अ, आता २९९. त्यात मुद्दाम आणि दुष्ट हेतूने धर्मभावना दुखावल्याचं सिद्ध व्हावं लागतं. पण सिद्ध होईपर्यंत काय होतं ते मकबूल फिदा हुसेन यांच्याबाबतीत दिसलं. भारतमातेच्या नग्न चित्रावरून त्यांच्यावर राजकोट, इंदूर, भोपाळ आणि पंढरपूर अशा ठिकठिकाणी तक्रारी झाल्या. पंढरपूर म्हणजे त्यांचं जन्मगाव. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या रद्द केल्या आणि इंटरनेटमुळे एकाच चित्रासाठी माणसाला देशभर कुठेही खेचता येतं, याची चिंताही व्यक्त केली. तोवर हुसेन देश सोडून गेले होते. २०११ मध्ये लंडनमध्ये वारले, परत आले नाहीत.

तेव्हा आधी चित्रकाराशी बसून बोला. तो स्वतःच्या नावाने उभा राहणार आहे का, चित्रामागचा विचार दहा ओळींत लिहून देणार आहे का, हे विचारा. वकिलाला चित्र दाखवा. धमकीचा पहिला फोन कोण घेणार ते ठरवा, आणि ज्याचा नंबर साइटवर आहे त्याच्या घरच्यांनाही विचारा. एवढं करून लावायची तयारी असेल तर लावा, मी बघायला येईन. नसेल तर नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. फक्त नकाराच्या पत्रात ‘अश्लील’ लिहू नका. ‘खटला पेलण्याची आमची ऐपत नाही’ असं लिहा, म्हणजे तेच चित्र दुसऱ्या दालनात नेताना त्याच्या हातात तुमचा खोटा शिक्का नसेल.